मागचं दार

नोव्हेंबर 2022 मधली संध्याकाळ. घड्याळं तासाने मागे घेतली होती, त्यामुळे पाच वाजताच बाहेर काळोख झाला होता. मध्य न्यू जर्सीतल्या एका लहान गावात माझं औषधांचं दुकान आहे. हाताखालची मुलगी नुकतीच घरी गेली होती. मी काउंटरमागे रक्तदाबाच्या गोळ्या मोजत होतो. आमच्याकडे गोळ्या पाच-पाच करून सरकवतात. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. तेवढ्यात टोपी घातलेला एक तिशीतला माणूस आला आणि त्याने काउंटरवर कागद ठेवला. डॉक्टरची चिठ्ठी असेल म्हणून मी तो उचलला. त्यावर पेनाने लिहिलं होतं, ऑक्सिकोडोनच्या सगळ्या बाटल्या दे, आवाज करू नकोस. मी वर पाहिलं. त्याने जाकीट बाजूला करून पट्ट्यात खोचलेल्या पिस्तुलाची मूठ दाखवली.

कुलपाच्या कपाटाला किल्ली लागेना. हात थरथरत होता. तिसऱ्या प्रयत्नाला कपाट उघडलं, त्या वेदनाशामक गोळ्यांच्या चार बाटल्या काढून मी त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने त्या खिशात घातल्या, पाठ फिरवली आणि दाराकडे निघाला. धावला नाही, चालत गेला. माझ्या काउंटरपासून दारापर्यंत आठ पावलं आहेत. त्या आठ पावलांत माझ्या हाताची थरथर थांबली, कानशिलं तापली आणि डोळ्यांपुढे फक्त त्याची पाठ राहिली. त्या वेळी हातात काही असतं तर मी ते चालवलं असतं. दारावरची घंटा वाजली आणि तो गेला.

पोलिसांना मी सगळं सांगितलं, पण त्या आठ पावलांतलं काही सांगितलं नाही. बायकोलाही कित्येक महिन्यांनी सांगितलं. अमेरिकेतल्या बंदुकीच्या कायद्याबद्दल त्यानंतर मी जे शिकलो, ते याच आठ पावलांभोवती फिरतं.

नदीच्या पलीकडे, नदीच्या अलीकडे

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात भेटेल तो एकच सल्ला देत होता, 'आता एक ठेवाच.' सर्वांत ठामपणे सांगत होते ते माझे साडू. डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात, त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे. 'मी शनिवारी दुकानात गेलो, फॉर्म भरला, ओळखपत्र दाखवलं, चौकशी झाली आणि अर्ध्या तासात पिस्तूल घेऊन बाहेर पडलो. तुम्ही कसली वाट बघताय?'

ते नागरिक, मीही नागरिक. दोघांचीही पाटी कोरी. आमच्या घरांमध्ये अंतर पाऊण तासाचं. ट्रेंटनच्या ज्या पुलावर 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स' अशी मोठ्या अक्षरांत जुनी पाटी आहे, तो ओलांडला की त्यांचं राज्य सुरू होतं. पण त्यांना जे अर्ध्या तासात मिळालं, त्यासाठी मला दहा महिने लागले आणि कोर्टाची पायरी चढावी लागली.

असं का होतं? अमेरिकेत बंदुकीवर कायद्याचे दोन थर आहेत. खालचा थर देशभर सारखा. 1791 मध्ये राज्यघटनेत आलेली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे आणि स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं त्यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या हेलर खटल्यात स्पष्ट केलं. 2010 च्या मॅकडोनाल्ड खटल्यात तो हक्क राज्य सरकारांवरही बंधनकारक ठरला. जून 2022 मध्ये, म्हणजे माझ्या दुकानातल्या प्रकाराच्या पाच महिने आधी, ब्रुएन खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन घराबाहेर शस्त्र जवळ बाळगण्याचा हक्कही मान्य केला. तोवर न्यू जर्सीत पिस्तूल जवळ घेऊन फिरायचं तर खास निकड सिद्ध करावी लागे आणि सामान्य माणसाला ती परवानगी जवळपास मिळतच नसे. ती अट त्या निकालाने गेली.

पण हेलरच्या निकालातच लिहिलेलं आहे की हा हक्क अमर्याद नाही. कोणाला शस्त्र द्यायचं नाही, विक्रीच्या अटी काय असाव्यात, हे ठरवायला सरकारांना वाव आहे. तिथून वरचा थर सुरू होतो आणि तो प्रत्येक राज्याचा वेगळा. आज निम्म्याहून अधिक राज्यांत पिस्तूल जवळ बाळगायला परवानाही लागत नाही. न्यू जर्सीत ते विकत घेण्याच्याही आधी परवाना लागतो.

एका राज्याची परवानगी दुसऱ्या राज्यात चालेलच असंही नाही. 2013 मध्ये फिलाडेल्फियाची दोन मुलांची आई गाडीने न्यू जर्सीत आली. पोलिसांनी रहदारीच्या नियमावरून थांबवलं, तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा पेनसिल्व्हेनियाचा परवाना. तो परवाना इथे चालत नाही हे तिला ठाऊक नव्हतं. तिला अटक झाली आणि काही वर्षांची सक्तीची कैद समोर उभी राहिली. पुढे खटल्याऐवजी सुधारणा-कार्यक्रमाचा मार्ग तिला मिळाला आणि 2015 मध्ये राज्यपाल ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. आमचे साडू दरवर्षी गणपतीला आमच्याकडे येतात. येताना पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवून येतात, ते या बाईची गोष्ट मी त्यांना सांगितल्यापासून.

कोणाला मिळत नाही

देशपातळीवरची चौकशी ज्या कायद्याने आली, त्याला जेम्स ब्रेडी यांचं नाव आहे. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा त्यांचे माध्यम सचिव ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे जायबंदी झाले. बारा वर्षांनी, 1993 मध्ये, ब्रेडी कायदा झाला आणि नोव्हेंबर 1998 पासून एफबीआयची तत्काळ चौकशी यंत्रणा सुरू झाली. परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना गिऱ्हाईक 4473 क्रमांकाचा फॉर्म भरतं, दुकानदार माहिती पुढे पाठवतो आणि तीनपैकी एक उत्तर येतं: द्या, थांबा किंवा देऊ नका.

'देऊ नका' कोणासाठी? एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस. फरार आरोपी. घरात मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेला, मग तो गुन्हा किरकोळ वर्गातला असला तरी. जोडीदाराला धोका आहे म्हणून न्यायालयाने ज्याच्यावर मनाई हुकूम काढला आहे तो. ही मनाई घटनेत बसते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं. न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात दाखल झालेला. बेकायदा अमली पदार्थ घेणारा. इथे आमच्या राज्यातला एक पेच आहे. न्यू जर्सीत प्रौढांना गांजा 2022 पासून दुकानात उघडपणे मिळतो. पण तेव्हाच्या 4473 फॉर्मवर ठळक इशारा होता की राज्याने गांजाला मुभा दिली असली तरी केंद्राच्या कायद्याने तो बेकायदाच आहे.

मराठी वाचकांना जवळची वाटेल अशी एक ओळ त्या यादीत आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक घेता येत नाही आणि हाताळताही येत नाही. शिकारीचा अधिकृत परवाना असणं यासारखे मोजके अपवाद सोडले तर एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा या मनाईत येतो. पुण्याहून, नाशिकहून आलेली तरुण मुलं शनिवार-रविवारी हौस म्हणून नेमबाजीच्या रेंजवर जातात, भाड्याची बंदूक हातात घेऊन फोटो काढतात. ती बंदूक हातात घेणं हासुद्धा केंद्रीय गुन्हा ठरू शकतो आणि त्याने व्हिसाच काय, इथलं सगळं भविष्य पणाला लागू शकतं. आमच्या मंडळात नवं पोर आलं की मी हे आवर्जून सांगतो. ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी जाते.

'थांबा' या उत्तराचीही एक गोष्ट आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत पक्कं उत्तर आलं नाही, तर केंद्राच्या कायद्यानुसार दुकानदार विक्री करू शकतो. 2015 मध्ये चार्ल्सटनमधल्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना ज्याने मारलं, त्याच्या हातात पिस्तूल या वाटेने आलं. त्याची जुनी अमली पदार्थांची नोंद वेळेत सापडली नाही. उलट, नाव आणि जन्मतारीख कुणाशी जुळल्यामुळे निरपराध माणसंही अडकतात. आपल्यात पाटील, जोशी, कुलकर्णी किती असतात! अशांना अपील करून एफबीआयकडून एक ओळख क्रमांक घेता येतो. पुढच्या खरेदीला तो फॉर्मवर लिहिला की ते कोण नाहीत हे यंत्रणेला कळतं.

स्वभाव

न्यू जर्सीत या सगळ्याच्या आधी गावच्या पोलीसप्रमुखाकडे अर्ज करावा लागतो. एक खरेदीदार ओळखपत्र, शिवाय प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट. डिसेंबर 2022 मध्ये राज्याने नवा कायदा केला. ओळखपत्राचं शुल्क पाच डॉलरवरून पन्नास झालं, परमिटचं दोनवरून पंचवीस. बंदूक सुरक्षित हाताळण्याचं आणि ठेवण्याचं प्रशिक्षणही लागतं. बोटांचे ठसे, मानसिक आजाराच्या नोंदी तपासायला संमती आणि नात्यातले नसलेले दोन साक्षीदार. मी ज्यांची नावं दिली, त्यातले एक माझे वीस वर्षांचे स्नेही. त्यांनी सही केली, पण त्या संध्याकाळी फोन केला. 'रागावू नकोस, पण वहिनींशी बोललास ना?'

वहिनींशी बोललो होतो. माझी बायको इस्पितळात नर्स आहे. तिचा विरोध होता, आणि कारण चोराचं नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं मेली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. 'परका माणूस घरात येईल तेव्हा येईल,' ती म्हणाली, 'घरातल्या माणसाचा वाईट दिवस मात्र नक्की येतो.' मी म्हटलं, बंदूक दुकानात राहील. त्यावर ती काही बोलली नाही.

जानेवारी 2023 मध्ये अर्ज दिला. कायद्याने तीस दिवसांत निर्णय व्हायला हवा. पत्र आलं मे महिन्यात, आणि त्यात नकार होता.

कारण वाचून मी खुर्चीवर बसलो. 2009 मधल्या एका रात्री आमच्या जुन्या घरी पोलीस आले होते. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. परीक्षेच्या निकालावरून आमचं जोराचं भांडण झालं, शेजाऱ्यांनी 911 ला फोन केला. पोलीस आले, दोघांशी वेगवेगळं बोलले, कागद लिहिला आणि गेले. गुन्हा नाही, अटक नाही. मी ते विसरून गेलो होतो. कागद विसरला नव्हता. त्यावरून पोलीसप्रमुखांनी ठरवलं की मला शस्त्र देणं सार्वजनिक सुरक्षिततेच्या हिताचं नाही. न्यू जर्सीच्या कायद्यातलं ते कलम मराठीत सांगायचं तर असं: ज्याच्या ठायी शस्त्र सोपवण्याजोगा स्वभाव नाही, त्याला ते देऊ नये.

मी औषधं विकणारा माणूस. स्वभावाला औषध नाही, ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. पण एका सरकारी पत्रात आपला स्वभाव नापास झालेला पाहणं फार लागतं. गुन्ह्याचा आरोप खोडता येतो, स्वभावाचा कसा खोडायचा? आणि ज्या राज्यात नकाराला असा मोघम आधार पुरतो, तिथे हक्क हा शब्द किती पोकळ होतो, असंही तेव्हा मनात आलं. आजही मला वाटतं की जो हक्क घटनेने दिला, तो नाकारताना कारण नेमकं हवं, पुरावा ताजा हवा आणि निर्णय वेळेत हवा. माझ्या बाबतीत यातलं एकही झालं नाही.

नकारानंतर तीस दिवसांत काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या वेस्टन खटल्यात घालून दिलेला नियम असा की नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार पोलीसप्रमुखांवर असतो. मात्र त्यासाठी गुन्हा शाबीत झालेला असावाच लागतो असं नाही. घरातल्या भांडणांमुळे वारंवार पोलीस बोलवावे लागले, शिक्षा कधीच झाली नाही, तरी नकार कायम राहिला, असं इथल्या अपील न्यायालयाने 2015 मध्ये एका प्रकरणात केलेलं आहे. वकिलाने हे मला आधीच सांगून ठेवलं.

सुनावणी ऑक्टोबरात झाली. त्या रात्री आलेला पोलीस निवृत्त झाला होता, त्याचा कागद तेवढा होता. वकील म्हणाला, मुलाला बोलवू. मुलगा आता एकोणतीस वर्षांचा, बॉस्टनला नोकरी करतो. तो आदल्या रात्री आला, आम्ही जेवलो, त्या विषयावर एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात त्याने शपथ घेतली आणि विचारलं तेवढं सांगितलं. बाबांनी मला मारलं नाही, त्या दिवशी नाही आणि कधीच नाही. त्यांनी फोन भिंतीवर फेकला, त्याचे तुकडे झाले. मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. पोलीस येईपर्यंत मी आत होतो. मी घाबरलो होतो.

कडीचं मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं माहीत नव्हतं.

सरकारी वकिलाने विचारलं, तुझ्या वडिलांकडे आज बंदूक आली तर तुला भीती वाटेल? त्याने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, 'आज नाही.' न्यायाधीशांनी आणखी काही प्रश्न विचारले आणि शेवटी निकाल माझ्या बाजूने दिला. चौदा वर्षांपूर्वीची एकच घटना, त्याआधी आणि त्यानंतर काही नाही, स्वभावाचा निष्कर्ष काढायला हे पुरेसं नाही. निकाल बरोबर होता असं मला वाटतं. आणि माझा मुलगाही खरं बोलला होता.

दारं किती आहेत?

ओळखपत्र आणि एका पिस्तुलाचं परमिट हातात आलं. परमिटची मुदत नव्वद दिवसांची. विकत घेण्याआधी मी एका दिवसाच्या वर्गाला नाव घातलं. विषय होता स्वसंरक्षणाचा कायदा. शिकवणारे निवृत्त पोलीस अधिकारी. बंदूक मिळवण्याच्या कायद्यात मी दहा महिने घालवले होते. ती चालवण्याचा कायदा वेगळा असतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

त्यांनी सर्वांना कोरे कागद दिले. ज्या जागेसाठी बंदूक घेताय, तिचा नकाशा काढा. मी दुकान काढलं: दर्शनी दार, रॅक, काउंटर, कुलपाचं कपाट, मागची खोली आणि तिथून गल्लीत उघडणारं दार. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि मागच्या दारावर बोट ठेवलं. 'हे उघडतं का?'

न्यू जर्सीचा कायदा असा आहे. समोरचा आपल्याला ठार मारेल किंवा गंभीर इजा करेल, आणि ते आत्ता, या क्षणी, असं वाजवी माणसाला वाटेल अशी परिस्थिती असेल तरच जीवघेणं बळ वापरता येतं. तेवढ्यानेही भागत नाही. माघार घेऊन पूर्ण सुरक्षितपणे तो प्रसंग टाळता येईल हे तुम्हाला माहीत असेल, तर टाळायलाच हवा. याला अपवाद आहे तो राहत्या घराचा. आपल्या घरातून पळ काढण्याची सक्ती कायदा करत नाही, भांडण तुम्हीच उकरलेलं नसेल तर. माणसाचं घर हा त्याचा गड, या जुन्या इंग्रजी तत्त्वाला इथे कॅसल डॉक्ट्रिन म्हणतात.

पण दुकान हे घर नव्हे. आपल्या व्यवसायाच्या जागी पिस्तूल ठेवायला न्यू जर्सी परवानगी देते, ते जवळ घेऊन फिरण्याचा वेगळा परवानाही त्यासाठी लागत नाही. माघारीतून सूट मात्र देत नाही. म्हणजे मागचं दार उघडं असेल आणि त्यातून मी सुखरूप निसटू शकतो हे मला ठाऊक असेल, तर मी गोळी झाडण्याऐवजी निसटावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. समोरच्याने पिस्तूल रोखलेलं असताना त्याच्याकडे पाठ करून धावा, असं मात्र कायदा म्हणत नाही. 'माहीत असणं' आणि 'पूर्ण सुरक्षितपणे' या दोन शब्दांना वजन आहे. स्वसंरक्षणाचा मुद्दा आरोपीने उपस्थित केला की तो खोटा आहे हे संशयापलीकडे सिद्ध करणं सरकारी पक्षाचं काम. तरीही शेवटी त्या दोन सेकंदांचा हिशेब ज्यूरीतली बारा परकी माणसं एका शांत खोलीत बसून करणार असतात.

पुलापलीकडे हेच वेगळं आहे. पेनसिल्व्हेनियात घराइतकीच कामाची जागाही सुटीत येते, त्यामुळे साडूंना त्यांच्या दुकानातून माघार घ्यावी लागत नाही. 2011 पासून तिथे घराबाहेरही, तुम्ही हक्काने उभे असाल आणि समोरच्याने जीवघेणं हत्यार काढलं असेल, तर जागा सोडण्याची सक्ती नाही. फ्लोरिडाने 2005 मध्ये असा कायदा केला आणि पुढे कितीतरी राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. 'स्टँड युवर ग्राउंड' म्हणतात ते हेच. तेव्हा एकाच प्रकारच्या दोन दुकानांत, एकाच प्रकारच्या दोन मराठी माणसांनी, एकच गोष्ट केली, तर नदीच्या एका काठाला ते स्वसंरक्षण ठरू शकतं आणि दुसऱ्या काठाला गुन्हा.

आपल्याकडे काय आहे हे मी नंतर मुद्दाम पाहिलं. भारतात शस्त्र हा हक्क नव्हे, 1959 च्या शस्त्र कायद्याखालची परवानगी आहे. वाळवा तालुक्यात माझ्या चुलत्यांकडे पीकसंरक्षणासाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक होती. दर निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि पावती देव्हाऱ्यातल्या डब्यात राहायची. पण बंदूक दुर्मीळ असली तरी भारतीय न्याय संहितेत खाजगी बचावाचा हक्क एका बाबतीत न्यू जर्सीपेक्षा रुंद आहे: जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी असेल तर मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत तो जाऊ शकतो. त्यालाही मर्यादा आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही.

वर्गात शेवटी त्यांनी 1992 मधली एक घटना सांगितली. जपानच्या नागोयाहून आलेला योशिहिरो हातोरी हा सोळा वर्षांचा विद्यार्थी लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये हॅलोविनच्या मेजवानीला निघाला होता. चुकून दुसऱ्याच घराशी गेला. घरातली बाई घाबरली, तिने नवऱ्याला बंदूक आणायला सांगितली. नवरा ओरडला, 'फ्रीझ!' त्या मुलाला त्या शब्दाचा अर्थ कळला नसावा. तो हसतमुखाने पुढे आला आणि गोळी लागून मेला. फौजदारी खटल्यात ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडलं. पुढे दिवाणी न्यायालयाने मात्र त्यालाच जबाबदार धरून साडेसहा लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. मुलाच्या आईवडिलांनी जपानमध्ये लाखो सह्या गोळा करून 1993 मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यापर्यंत पोचवल्या.

ही गोष्ट ऐकताना मी दोन्ही बाजूंना उभा होतो. दार उघडणारा घाबरलेला माणूस मी होतो. आणि ज्याचं इंग्रजी ऐन वेळी अपुरं पडलं तो परदेशी मुलगाही, तीस वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा, मीच होतो.

मग मी हात वर केला आणि आजवर कोणाला न विचारलेलं विचारलं. चोराने बाटल्या खिशात घातल्या, पाठ फिरवली, दाराकडे चालला आहे. तेव्हा?

'तेव्हा काही नाही,' ते म्हणाले. 'तेव्हा धोका संपला. औषधं गेली, ती विमा कंपनी बघेल. पाठीत गोळी घातलीत तर आरोपी तुम्ही.'

म्हणजे तो समोर होता आणि मी थरथरत होतो, तेवढा वेळ कायदा माझ्या बाजूला होता, आणि तेव्हा माझ्याकडून किल्लीही धड फिरत नव्हती. हात स्थिर झाला, नेम बसला असता, तो क्षण त्या आठ पावलांतला. तोवर भीती सरून राग आलेला होता. कायदा भीतीला परवानगी देतो, रागाला देत नाही. पोलीसप्रमुख चौदा वर्षांपूर्वीच्या कागदात नेमका हाच राग शोधत होते. त्यांचा पुरावा कच्चा होता, वेळ चुकला होता, निर्णयही चुकला होता. त्यांचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता.

बंदूक घेऊ नका असं मी कोणाला सांगणार नाही. एकटीने रात्रपाळी करणाऱ्या बाईला, पोलीस यायला अर्धा तास लागतो अशा रानातल्या घराला तिची गरज असू शकते, आणि ज्यांना ती कारण नसताना नाकारली जाते त्यांनी अपील जरूर करावं. माझं सांगणं एवढंच आहे की मिळवण्याचा कायदा वाचाल तेवढ्याच निगुतीने चालवण्याचा कायदा वाचा, आणि आधी वाचा. साडूंना मी त्यांच्या राज्याचं कलम छापून दिलं. बंदूक घेऊन चार वर्षं झाली होती, त्यांनी ते पहिल्यांदा वाचलं.

माझ्या परमिटची नव्वद दिवसांची मुदत संपली. मी ती वाढवून घेतली नाही.

वर्गाहून परतलो त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी मागच्या खोलीत गेलो. मागचं दार उघडत नव्हतं. घाऊक माल येतो ती प्लॅस्टिकची खोकी कित्येक वर्षं त्यापुढे रचलेली होती, छातीइतकी उंच. मुलगा त्या आठवड्यात घरी आला होता. मी त्याला बोलावून घेतलं. आम्ही दोघांनी मिळून एकेक खोकं हलवलं, कडीला तेल घातलं, आणि दार दोन-तीनदा उघडून पाहिलं.